विषय क्रमांक सात

ऑल्डरविक ग्रामपरिषद, मेथडिस्ट चॅपलचा हॉल,
मार्चमधला गुरुवार, संध्याकाळचे सात.
उपस्थित: अध्यक्ष गार्थ रे, चार सभासद, अठरा गावकरी,
चहाचा एक तापट बंब.
अनुपस्थित: समुद्र. पूर्वसूचना नाही.
हे शेवटचं मी लिहिलं आणि खोडलं.
इतिवृत्तात विनोद चालत नाहीत,
आणि मी इथली कारकून, आठवड्याचे अकरा तास.

बेव्हर्लीहून आलेला इंजिनियर, कॅलम टेटली,
भिंतीवर नकाशा टाकतो.
तीन रेघा: पिवळी, नारिंगी, लाल.
वीस वर्षं, पन्नास वर्षं, शंभर.
पिवळी डोरीन ब्लेंकिनच्या न्हाणीघरातून जाते.
माझं भाड्याचं घर नारिंगीच्या जरा अलीकडे,
म्हणजे मला अजून पडदे घ्यायला हरकत नाही.
धोरण, तो म्हणतो, हस्तक्षेप न करण्याचं.
मी मनातल्या मनात मराठी करून बघते.
'जैसे थे' बसत नाही,
'जातंय ते जाऊ दे' तर मुळीच नाही.
सरकार कुठल्याही भाषेतलं असो,
हात वर करतं तेही फाइल धरून.

आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ म्हणतात.
इथे दगडच नाही.
कडा सगळा तांबूस चिकणमातीचा,
पावसाने फुगतो, भरती त्याचे पाय पोखरते,
आणि एखाद्या रात्री
अर्धा रस्ता, कुंपण, कोणाची तरी कोबीची वाफी
न बोलता उठून निघून जातात.
कराचं बिल मात्र वेळेवर येतं, पूर्ण घराचं.

डोरीन उठते. वय ब्याऐंशी, हातात दोरी.
कपडे वाळत घालायची, निळी,
दर यार्डाला एक गाठ.
न्हाणीघराच्या दारापासून कड्यापर्यंत, दर सोमवारी,
फ्रँक गेला त्या वर्षापासून. वही आहे.
"तुमची रेघ म्हणते वीस वर्षं.
माझी दोरी म्हणते, दोन हिवाळ्यांत सात गाठी."

कोणीतरी खोकतं. बंब शिट्टी घालतो.
कॅलम उत्तर देत नाही, वही मागतो.
वाचतच राहतो. त्याचा चहा गार होतो.
मी लिहिते: सविस्तर चर्चा झाली.

तीन वर्षं भिजत पडलेलं घोंगडं
त्या रात्री पिळलं गेलं ते असं:
तारखा खोडाव्यात, तिथे अंतर लिहावं.
पंचवीस गाठी उरल्या की वरच्या शेतात जागा आखायची.
अठरा उरल्या की नळ, वीज, गॅस तिकडे वळवायचे.
बारा उरल्या की सामान हलवायचं,
मग हिवाळा असो, नाताळ असो, निवडणूक असो.
मोजणार डोरीन. पडताळणार कॅलम, दर तीन महिन्यांनी.
पाच विरुद्ध शून्य, मंजूर.

"आणि पैसे?" मागच्या रांगेतून टेड स्टॅमर्स.
पाडकामाला अनुदान आहे, त्याचा फॉर्म आहे.
नव्या घराचा फॉर्म अजून छापलेला नाही.
हे मी लिहिलं, आणि खोडलं नाही.

"आज किती?" गार्थने विचारलं, चष्मा पुसत.
"तेवीस," डोरीन म्हणाली,
दुधाच्या बाटल्यांचा हिशोब सांगावा तशी.
म्हणजे ठरावाची पहिली ओळ
शाई वाळायच्या आधीच लागू झाली होती.
कॅलमने लॅपटॉप मिटला.
भिंतीवरून तिन्ही रेघा गेल्या,
मागे चॅपलचा ओल धरलेला रंग.

विषय क्रमांक आठ: कड्यावरचा बाक
पुन्हा मागे घेणे. तिसरी वेळ.
खुर्च्या सरकत होत्या, कोणी ऐकत नव्हतं.
दोरी कोपरावर गुंडाळत डोरीन दारातून म्हणाली,
"या वेळी स्क्रू फार घट्ट करू नका."

नोंद घेतली.